बैल बघतोय वैरणीकडं

पहिल्यांदा किंमत सांगून टाकते, कारण घरी येऊन बघणारा प्रत्येक जण तेच विचारतोय. नाताळचा देखावा, म्हणजे गोठ्यातला येशूचा जन्म: बारा नग, भाजलेल्या मातीचे, रंगवून, २,८०० रुपये. गव्हाण धरली तर तेरा, पण ती कुंभारमामांनी फुकट दिली. १,००० रुपये आगाऊ द्यावे लागले. वायदा १० डिसेंबरचा होता, माल हातात पडला १९ ला. दुकान कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीत. पाटी नाही, कार्ड नाही. आणि 'नाव छापू नका बाई, गणपतीच्या टायमाला लोक नाताळचं मागत येतील' असं मामांनी बजावल्यामुळं नाव मीही देत नाही. गल्लीत शिरून 'नाताळचा बैल कुणी केला' एवढं विचारा. आता सगळ्यांना ठाऊक झालंय.

मी शाळेत चित्रकला शिकवायची, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या मागून इथं जी मंडळी उभी राहिली त्यातलं आमचं घराणं. आमच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या, घरात मूर्ती हा शब्द जपूनच उच्चारायचा. आजोबा होते तोवर नाताळला दारात चांदणी लागायची (झिरमिळ्या कापलेला दिवाळीचाच आकाशकंदील), करंज्या व्हायच्या, गाणी व्हायची, देखावा मात्र नाही. त्यामुळं गव्हाणी हा शब्द मी ऐकला होता बायबलमध्ये आणि वाचला होता वर्तमानपत्रात, आणि लहानपणी त्याचा माझा मोठा घोटाळा होता. दर दिवाळीच्या आसपास बातमी यायची: 'गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ.' कारखान्याचे चेअरमन, गळ्यात हार, हातात उसाची मोळी. बाळ येशू झोपलाय त्या गव्हाणीत हे लोक ऊस का टाकतात, असं मी संडेस्कूलच्या बाईंना भर वर्गात विचारलं होतं.

घरात पहिला देखावा आणला तो मीच, नोकरी लागल्यावर, तोही शोकेसमध्ये कपबश्यांच्या मागं. मग ज्याला ज्याला कळलं त्यानं आणून द्यायला सुरुवात केली. बेथलेहेमला जाऊन आलेल्या आत्यानं तिथल्या कारागिरांनी कोरलेलं ऑलिव्हच्या लाकडाचं त्रिकूट दिलं. नैरोबीत नर्स असलेल्या बहिणीनं केळीच्या सोपटाचा संच पाठवला. एक विद्यार्थी कंपनीकडून फ्रान्सला गेला होता, त्यानं मार्सेयहून बोटाएवढी मातीची बाहुली आणली. भाच्यानं पोलंडहून चकचकीत पन्नीचा एक मनोरा आणला. पेरू देशातली एक लाकडी पेटी आहे, ती कशी आली ते सांगत बसत नाही.

गेल्या वर्षी मोह झाला. एका ऑनलाइन दुकानातून आठ देशांच्या आठ गव्हाण्या मागवल्या. रेझिनच्या, ३,४९९ रुपये, घरपोच. पॅकिंग उत्तम, आले वेळेवर. पण आठही मरीया एका ओळीत मांडल्या आणि मुलांना शिकवायची तसे डोळे बारीक करून बघितलं. डोळे बारीक केले की रंग विरतो, आकार तेवढा उरतो. आठही बायका एकच होत्या. जपानची, केनियाची, पेरूची, एकाच साच्यातून निघालेल्या, फक्त वरून कपडे रंगवलेले. पेरूचा लामा म्हणजे कुबड घासून काढलेला उंट; घासल्याची खूण बोटाला लागते. आणि भारताच्या गोठ्यात बैलाच्या जागी हत्ती. गोठ्यात हत्ती कोण बांधतं? नांदणी मठाची हत्तीण गुजरातला नेली तेव्हापासून तो विषय इकडं हळवाच आहे, म्हणून जास्त बोलत नाही. संच परत घ्यायला त्यांनी नकार दिला, कारण 'माल खराब नाही'. खरंच आहे, खराब नव्हता.

यातूनच ठरवलं की एक देखावा कोल्हापुरात, कोल्हापूरच्याच हातांनी करून घ्यायचा. दिवाळी झाल्यावर कुंभार गल्लीत गेले. ती वेळ बरोबर निवडली होती, हे नंतर कळलं. बेंदूर, गणपती, गौरी, नवरात्र, मग किल्ल्यावरचे मावळे, असं दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी ते माघी गणपती हात रिकामे. पोलंडच्या क्राकुफ शहरातली गोष्ट मला आठवली. तिथला तो पन्नीचा मनोरा, शोपका, मुळात गवंड्यांनी सुरू केला. थंडीत बांधकाम बंद, हातात काम नाही, तेव्हा पुठ्ठा आणि रंगीत कागद घेऊन गावातल्याच चर्चचे मनोरे उभे करायचे आणि मध्ये बाळ ठेवायचं. १९३७ पासून त्याची स्पर्धा असते. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सगळे आपापले मनोरे घेऊन मुख्य चौकात जमतात. २०१८ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही गेलं ते. हे मी मामांना सांगितलं, तर मामा म्हणाले, "गवंड्याचं हात रिकामं राहात्यात, मग ते आमच्या धंद्यात शिरत्यात. हितंबी तसंच हाय."

पिशवीतून मी एकेक नमुना काढून फळीवर मांडला. मामा हातात घेऊन उलटा करून तळ बघायचे, मग तोंड. मार्सेयच्या बाहुलीवर ते थांबले. तिला तिकडं सांतों म्हणतात, छोटा संत. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चं बंद पडली, तेव्हा लोकांनी घरातच देखावे मांडायला घेतले. लान्येल नावाच्या मार्सेयच्या कारागिरानं प्लास्टरचे साचे करून कच्च्या मातीच्या स्वस्त बाहुल्या पाडल्या, म्हणजे गरिबालाही परवडावं. त्यात गावातलेच लोक: पीठगिरणीवाला, मासेवाली, पाणक्या, आणि दोन्ही हात वर करून आनंदानं खुळा झालेला एक भोळा माणूस. १८०३ पासून त्यांची जत्रा भरते. मामांनी बाहुलीच्या कुशीवरून नख फिरवलं. "दोन पाकळ्यांचा साचा. सांधा घोटलाय चांगला." मला आठ गव्हाण्या बघून जे कळलं ते मामांना एका नखात कळलं असतं.

"हे सुरू कुणी केलं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, इटलीत फ्रान्सिस नावाचे एक साधू होते, १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावात त्यांनी गव्हाण मांडली, गवत टाकलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून बांधलं, आणि गाव रात्री दिवट्या घेऊन बघायला आलं.

"म्हंजे सजीव देखावा," मामा म्हणाले. गणपतीत सजीव देखावे बघणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट याहून जास्त समजावून सांगावी लागत नाही.

पहिली अडचण आली ती विसर्जनाची. "कितव्या दिवशी पोचवायचं?" मामी आतून विचारत्या झाल्या. पोचवायचं नाही, दरवर्षी पेटीत ठेवून पुढच्या वर्षी काढायचं, असं सांगितल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "मग शाडू चालणार न्हाई," मामा म्हणाले. "शाडू पाण्यात जायसाठी असतो. पेटीत ठेवायचं तर भाजाय पायजे." मला हे सुचलंच नव्हतं. पण मामांकडं भट्टी नाही, भाजायचं पाहुण्यांच्या भट्टीत, आणि बारा नगांसाठी भट्टी कोण पेटवणार? कुंड्यांचा लॉट भरेपर्यंत थांबावं लागलं, म्हणून ते नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी चार वेळा फोन केला आणि एकदाही उचलला गेला नाही, हेही लिहून ठेवते.

स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या देखाव्यात एका कोपऱ्यात, लाल टोपी घातलेला एक शेतकरी धोतर-विजार खाली करून बसलेला असतो. कागानेर. तो ठेवला नाही तर पीक धड येत नाही असं मानतात. त्याचा फोटो दाखवावा की नाही हा विचार करत होते, पण मामींनीच फोनवर बोट सरकवताना बघितला. दोघं इतकी हसली की शेजारचा मुलगा डोकावून गेला. "बरोबर हाय की," मामा म्हणाले, "रानाला खत लागतंच." मामींनी मात्र निकाल दिला: "आपलं गाव हागणदारीमुक्त झालंय. त्यो नग नको."

आता मालाकडं येते.

मरीया. माझ्याकडच्या बहुतेक सगळ्या मरीया गुडघ्यांवर बसून हात जोडलेल्या आहेत, आणि तसंच चित्र मी कागदावर काढून दिलं होतं. मामींनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "बाई, पोर आत्ता झालंय न्हवं? आणि ही लगीच गुडघ्यावर बसून हात जोडती? कोण उठू देईल बाळंतिणीला?" मी गप्प झाले, कारण त्यांचं म्हणणं माझ्याहून जुनं होतं. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या चित्रांत मरीया आडवीच असते, पथारीवर, बाळाकडं पाठ करून कधी कधी, दमलेली. गुडघ्यांवर बसवलं ते नंतर, चौदाव्या शतकात. स्वीडनच्या ब्रिजिट नावाच्या बाई १३७२ साली बेथलेहेमला गेल्या, तिथं त्यांना दृष्टांत झाला, त्यात मरीया गुडघे टेकून होती, आणि युरोपातले चित्रकार मग तसंच काढू लागले. हे मी मामींना सांगितलं. ब्रिजिटबाईंना स्वतःला आठ मुलं होती, हेही सांगितलं.

"आठ बाळंतपणं करून बी असं सांगितलं?" मामी म्हणाल्या, आणि त्या विषयावर आमच्याकडून पडदा पडला.

तर आमची मरीया कुशीवर आहे, गाठोड्याला रेललेली, कमरेपर्यंत वाकळ, कानाला फडकं बांधलेलं. वाकळेवरचे ठिगळ मामींनी एकेक वेगळ्या रंगात काढलेत. जवळ अंगठ्याएवढी शेगडीसुद्धा आहे, ती हिशेबात नव्हती. पण डोळे! आखणी मामींची, आणि मामींचा हात गौरीच्या मुखवट्यांवर बसलेला. इतकी दमलेली बाई आणि डोळे टक्क उघडे, कानापर्यंत. अर्धवट मिटलेले काढा म्हणून मी दोनदा सांगितलं. "देवाचं डोळं मिटल्यालं कसं काढू?" आमच्यात ती देव नाही, देवाची आई, असं म्हणायला गेले आणि हे प्रकरण आखणीपुरतं राहणार नाही हे लक्षात आल्यावर थांबले. डोळे उघडेच आहेत. मला ते अजून खटकतात, इतरांना आवडतात.

बाळ दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा आलं ते सरळ रांगत्या बाळकृष्णाच्या साच्यातून, उजव्या हातात लोण्याचा गोळा तसाच. मामांचं म्हणणं, गोळा खरडून टाकतो. म्हटलं, मामा, आमच्या पुस्तकात बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ लिहिलंय, आणि ते सुटं पाहिजे, कारण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची असते. दुसरं बाळ मामींनी स्वतः वळलं. साचा नाही. घट्ट गुंडाळलेली वळकटी, वर कुंची, कुंचीच्या टोकाला गोंडा. चेहरा म्हणजे दोन टिंबं आणि एक रेघ. जगातल्या कुठल्याच गव्हाणीत कुंची घातलेला येशू मी बघितलेला नाही, आणि आता दुसरा कुठला मला बघवणार नाही.

योसेफाबद्दल थोडक्यात: तो तालमीतला वस्ताद दिसतो. मिशा आकडेबाज, दंड भरलेले, हातात करवत आहे म्हणून सुतार म्हणायचं. बायको बाळंत व्हायला आली आणि उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून कावराबावरा झालेला माणूस हा नव्हे. यानं जागा मिळवली असती.

बैलासाठी मात्र मी हा सगळा मजकूर लिहितेय.

मामा बेंदराला मातीचे बैल करतात, पोरवयापासून. ते सगळे उभे, शिंगं ताठ, पुजायला. मला बसलेला पाहिजे होता, म्हणजे साचा कामाचा नव्हता. मामांनी हातानं घडवला. आठ इंच लांब, पुढचे पाय दुमडलेले, वशिंड एका बाजूला किंचित कललेलं, मानेखालची पोळी जमिनीला टेकलेली. जबडा एका अंगाला सरकलाय, रवंथ चाललंय. आणि मान खाली, गव्हाणीकडं. मी ओली मूर्ती बघायला गेले तेव्हा म्हटलं, मामा, मान जरा वर घ्या, समोर बघू दे, फोटोत तोंडच येत नाही.

"बाई," मामा म्हणाले, "त्येच्या वैरणीवर तुम्ही पोरगं ठिवलंय. त्यो फोटोकडं कशाला बघंल?"

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, बैल नाहीच, हे फार जणांना माहीत नसतं. लूकच्या पुस्तकात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, पण बैल नाही, गाढव नाही. ते आलेत यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून: बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. त्या एका वाक्यावरून ही जनावरं गोठ्यात शिरली, आणि इतकी लवकर शिरली की चौथ्या शतकातल्या रोमन दगडी शवपेट्यांवर नुसतं बाळ, बैल आणि गाढव कोरलेलं सापडतं. मरीया नाही, योसेफ नाही. मिलानला सांत आंब्रोजो चर्चमध्ये तसलीच एक आहे. हे मी वर्षानुवर्षं संडेस्कूलच्या पोरांना सांगत आले. पण बैल गव्हाणीकडं बघतो तो आधी भुकेनं बघतो, हे मला शाहूपुरीत कळलं. माझ्या कपाटातले सगळे बैल समोर बघतात. ऑलिव्हचासुद्धा.

गाढवही चांगलंय. "ते तर आमच्या घरातलंच," मामा म्हणाले; त्यांच्या वडलांच्या वेळी माती गाढवावरून यायची. पाठीवर दोन्ही बाजूंना ओझ्याचे घट्टे आहेत, तिथली लव गेलेली दाखवलीय, फिक्या रंगाच्या दोन फटकाऱ्यांत. बाळाला घेऊन ते लोक पुढं मिसरला पळाले, असं मी सांगितल्यावर मामांनी गाढवाचे खूर परत जरा जाड केले.

धनगरासाठी मी मार्सेयचा तो हात वर केलेला भोळा माणूस दाखवला होता. मामांनी तो बघून एवढंच म्हटलं, "भंडारा उधळतोय." पट्टणकोडोलीची बिरदेवाची यात्रा ज्यानं बघितली त्याला ते हात दुसरं काही वाटणं शक्यच नाही. तर धनगराच्या खांद्यावर घोंगडं, दोन्ही हात वर, आणि तळहात पिवळेधमक. मेंढ्या काळ्या, आपल्याकडच्या. यावरून आमच्यात थोडं वाजलं. एक मावशी म्हणाल्या, नाताळात भंडारा कुठनं आणलास, आणि बेथलेहेम काय पट्टणकोडोलीत आहे काय. मी त्यांना म्हटलं, आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन काळातला समुद्रदेव सापडला, पोसायडन, ब्राँझचा, देखणा. तयार होऊनच आला तो, आणि टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये कपाटात उभा आहे. त्याच्याकडं कुणी हात वर करून जात नाही. मावशींना हे पटलं नाही. करंज्या मात्र नेल्या.

आता निराशा. तीन मागी लोक, पूर्वेकडचे ज्ञानी (त्यांनाच तीन राजेही म्हणतात), म्हणजे सरळ किल्ल्यावरचे मावळे. साचा तोच, फेटा तोच, कमरेची तलवार तासून काढलीय, पण तासल्याचा खड्डा राहिलाय. सोने, ऊद, गंधरस म्हणून हातात ज्या तीन पुड्या दिल्यात त्या ढालीच्या जागी चिकटवल्यात. तिघांचे चेहरे एक. जे मी रेझिनच्या आठ बायकांना म्हटलं, तेच इथं म्हणायला पाहिजे. मामांना म्हटलं, तर ते शांतपणे म्हणाले, "दोन हजार आठशेत तीन राजे वेगळं कसं येतील? बैलात दोन दिवस गेलं." हिशेब चुकीचा नाही. शिवाय ते आहेत पाच इंचांचे आणि योसेफ नऊ इंचांचा. आपल्या किल्ल्यांवर वाघ बुरुजाएवढा असतो, ते पोरांच्या खेळात शोभतं. मी इटलीतल्या नेपल्सच्या लोकांची युक्ती केली. तिथं मोठे देखावे मांडताना लांबच्या डोंगरावर मुद्दाम लहान बाहुल्या ठेवतात, म्हणजे नजर खोल जाते. आमचे तिघे टीव्हीच्या कपाटावर आहेत, अजून वाटेत. रोज वीतभर पुढं सरकवतेय. ६ जानेवारीला, त्यांच्या सणाला, पोचतील.

नेपल्सचं मामांना सांगितलं होतं. सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक अख्खी गल्ली बारा महिने फक्त याच बाहुल्या करते आणि विकते. जुन्या बाहुल्यांचं डोकं भाजलेल्या मातीचं, अंग तार आणि तागाचं, वर खरे कपडे. गोठ्याभोवती सगळा बाजार: फळवाली, खाटीक, पिझ्झावाला. दरवर्षी गाजलेला खेळाडू, पुढारी यांच्याही बाहुल्या येतात. माराडोना तर त्यांचा कुलदैवतच. मामा म्हणाले, "शिनेमा चालला की हितं तसला गणपती मागत्यात. करून द्यायचा. पण बैल तसला कोण मागत न्हाई, त्यामुळं बैल बरा."

देवदूत: न लिहिलेला बरा. प्लास्टरचा आहे, बाकी सगळं माती असताना. पंख सरस्वतीच्या हंसाचे असावेत. टांगायला मागं तारेचा आकडाच ठेवला नव्हता, मी घरी चिकटवला, तो पंचवीस तारखेला सकाळी सुटला.

रंग पावडरचा, वर काही मारलेलं नाही, त्यामुळं बोटाला लागतो. वॉर्निश मारा म्हटलं तर मामांचं म्हणणं, चमकलं की प्लास्टर वाटतं. बरोबर आहे. मी घरी चमक नसलेला स्प्रे मारला. तुम्हीही मारा, नाहीतर दोन वर्षांत योसेफाच्या मिशा जातील. पॅकिंग भाताच्या पिंजरात, खोक्याला सुतळी. ऑनलाइनवाल्यांच्या थर्माकोलपेक्षा मला हे सोयीचं पडलं, कारण तोच पिंजर मी गोठ्यात पसरला. फक्त एका मेंढीचा कान मोडून आला.

महाग की स्वस्त? पेरूची ती पेटी हातात घेतली की हा प्रश्न मला जरा वेगळा दिसतो. आयाकुचोकडं दारं असलेली लाकडी पेटी करतात, रेताब्लो म्हणतात तिला. आत बटाट्याच्या आणि प्लास्टरच्या लगद्यानं वळलेली माणसं, लामा, बाळ. होआकिन लोपेस आन्ताय हे त्यातले मोठे कारागीर. १९७५ चा पेरूचा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा लिमाच्या चित्रकारांनी निषेध केला: ही हस्तकला, कला नव्हे. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, आणि शाळेच्या वेळापत्रकात 'चित्रकला' आणि 'हस्तकला' असे दोन वेगळे तास होते. हस्तकलेचा तास पाऊस पडला की रद्द व्हायचा. असो. बैलाचे दोन दिवस आणि मामींचं बाळ धरलं तर २,८०० कमी आहेत. तीन राजे धरले तर ठीक आहेत.

तुम्हाला करून घ्यायचा असेल तर दिवाळी झाल्याबरोबर जा, गणपतीच्या आधी तोंडही दाखवू नका. वायद्यात दहा दिवस जास्तीचे धरा. राजे नकोच म्हणून सांगा, त्या पैशात दुसरा बैल मागा. फोटोतलं दाखवायला नेऊ नका, खरी वस्तू न्या. फोटो बघून मामा मान डोलवतात आणि साच्याकडं जातात, वस्तू हातात आली तर उलटी करून बघतात. आणि मरीया कशी बसवायची ते मामींना विचारा, सांगू नका.

मोडका कान मी डबीत ठेवलाय. 'जानेवारीत या,' मामा म्हणाले, 'माघी गणपतीच्या आधी, डिंक-माती लावून देतो.' मेंढी घेऊन परवा जातेय. बैल बघायला आलेल्या भाचीलाही यायचंय, पण तिला मांजर पाहिजे. गव्हाणीखाली झोपलेलं.